हप्ता कोणाच्या खिशातून?

जुन्या पुणे-नाशिक रस्त्याने मंचर, कळंब, नारायणगाव करीत आळेफाट्यापर्यंत गेले की दोन्ही बाजूंना दवाखान्यांच्या पाट्या दिसतात. कोणी हाडांचे डॉक्टर, कोणी लहान मुलांचे, कुठे प्रसूतिगृह, कुठे नेत्रालय. पाटीवर डॉक्टरांचे नाव असते, नावाखाली पदव्या असतात, भेटीची वेळ असते. एक गोष्ट मात्र कोणत्याही पाटीवर लिहिलेली नसते. ती म्हणजे या पदव्यांसाठी काढलेले कर्ज.

बारावीचा निकाल लागला, 'नीट'चे गुण हाती आले की घरोघरी हिशेब सुरू होतो. सरकारी महाविद्यालयात नंबर लागला तर ठीक. नाही लागला तर खाजगी महाविद्यालय, आणि तिथली वर्षाची काही लाखांची फी. मग कोणी दागिने मोडतो, कोणी सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढवतो. "एकदा डॉक्टर झाला की दोन वर्षांत फेडेल सगळे," असे पाहुणेरावळे धीर देतात. मुलगा किंवा मुलगी डॉक्टर होते, गावाकडे येऊन दवाखाना थाटते आणि पहिल्याच महिन्यात एक प्रश्न दारात येऊन उभा राहतो. हा प्रश्न केवळ पैशाचा नाही, म्हणून आज आम्ही तो वाचकांपुढे मांडत आहोत.

घेतलेले कर्ज फेडणे हे कर्तव्य आहे. आजारी माणसाच्या असहायतेचा फायदा न घेणे हेही कर्तव्यच आहे. महिन्याच्या पाच तारखेला ही दोन कर्तव्ये समोरासमोर उभी राहिली, तर तरुण डॉक्टरने काय करावे?

कर्ज आपल्या पुणे जिल्ह्याला नवे नाही. १२ मे १८७५ रोजी याच जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातील गहाणखते आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. तो वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. त्यानंतर १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्या कायद्यात एक शहाणपणाची गोष्ट होती. कागदावर अंगठा कोणाचा आहे एवढेच न पाहता, ते कर्ज मुळात कसे झाले, त्यात मुद्दल किती आणि व्याज किती, हे उलगडून पाहण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. डॉक्टरांच्या कर्जाकडेही आपण तसेच पाहिले पाहिजे. सगळे एकाच थैलीत घालून "डॉक्टरला कर्ज आहे" असे म्हटले की कोणाची चूक कोणती, तेच कळेनासे होते.

महाराष्ट्रात विनाअनुदानित खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी मिळाली ती १९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना. देणगी घेऊन प्रवेश देण्यास बंदी घालणारा कायदा १९८७ साली आला. २००१ पासून बँकांनी शैक्षणिक कर्जाची एक समान योजना सुरू केली. तिचा फायदा झाला, यात शंका नाही. ज्यांच्या घराण्यात कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते, अशांचीही मुले शिकली. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ता भरावा लागत नाही. व्याज मात्र त्या काळातही चालूच असते.

आता हिशेब मांडू. समजा, एका डॉक्टर मुलीवर शिक्षण संपताना व्याजासह वीस लाखांचे कर्ज आहे, दर दहा टक्के आणि मुदत पंधरा वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे साडेएकवीस हजार रुपये येतो. पंधरा वर्षांत ती एकूण ३८ लाख ७० हजारांच्या आसपास भरेल, म्हणजे जवळजवळ दुप्पट. दर रुग्णामागे शंभर रुपये फी धरली, तर केवळ हप्त्यासाठी महिन्याला २१५ रुग्ण लागतात. महिन्यातले सव्वीस दिवस दवाखाना उघडा धरला, तर रोजचे आठ-नऊ. त्यावर गाळ्याचे भाडे, कंपाउंडरचा पगार, वीजबिल आणि घरखर्च. सुरुवातीची दोन-तीन वर्षे ओढाताणीची जातील. पण हे ओझे कष्टाने उचलण्याजोगे आहे. शिक्षणाचे कर्ज प्रामाणिकपणे फिटू शकते.

मग घोडे अडते कुठे? बहुतेक वेळा ते दुसऱ्या कर्जापाशी अडते. पहिले कर्ज फिटायच्या आत रस्त्यालगत जागा घेतली जाते, दुमजली इमारत उभी राहते, सोनोग्राफीचे यंत्र येते, शस्त्रक्रियागृह येते. अशा रुग्णालयासाठी एक कोटीचे कर्ज त्याच दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी काढले, तर हप्ता महिना १ लाख ३२ हजारांवर जातो. शंभर रुपये फीने तो भरायचा तर रोज पन्नासहून अधिक रुग्ण केवळ त्या हप्त्यासाठीच तपासावे लागतील. नव्या डॉक्टरकडे एवढे रुग्ण येणार कुठून? तेव्हा येणाऱ्या प्रत्येक रुग्णाकडून जास्त काढावे लागते. न लागणारी तपासणी लिहिली जाते, गोळीने भागत असता सलाईन लावली जाते, एका दिवसात घरी जाऊ शकणारा माणूस तीन दिवस खाटेवर ठेवला जातो. कोणती तपासणी करायची हे मग डॉक्टरची विद्या ठरवत नाही, यंत्राचा हप्ता ठरवतो.

आणि याहूनही सोपी एक वाट आहे. तिला आपल्याकडे 'कट प्रॅक्टिस' म्हणतात. रुग्ण मोठ्या रुग्णालयात किंवा तपासणी केंद्रात पाठवायचा आणि तिथून पाकीट घ्यायचे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव अनेकांना ठाऊक असेल. मराठवाड्यातील गरीब घरातून ते डॉक्टर झाले, रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात नोकरीला लागले आणि विंचूदंशाने माणसे का मरतात याचा त्यांनी तिथे अभ्यास केला. त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. याच डॉक्टरांना २०१३ साली एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी एका रुग्णाला एमआरआयसाठी तिथे पाठवले होते, त्याबद्दलचा तो मोबदला होता. त्यांनी तो ठेवून घेतला नाही, उलट वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली.

१,२०० ही रक्कम मोठी नाही. पण वर मांडलेला हिशेब आठवावा. असे अठरा धनादेश आले की महिन्याचा साडेएकवीस हजारांचा हप्ता सुटला. रोजचे आठ-नऊ रुग्ण तपासण्याची यातायात नाही, जागरण नाही. फक्त अठरा चिठ्ठ्या लिहायच्या. मोह असा सोप्या गणिताच्या रूपाने येतो.

हे पैसे आले कोठून? तपासणी केंद्राने ते पदरचे दिले नाहीत. ते रुग्णाच्या बिलातून आले. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या एखाद्या वाडीतील महादेव कोळी कुटुंब उन्हाळ्यात रानोमाळ हिंडून बाळहिरडा गोळा करते, वाळवते, विकते. त्यावर पावसाळ्याची बेगमी होते. त्या घरातील म्हातारी आजारी पडली आणि तिच्या बिलात हे जादा पैसे चढले, तर डॉक्टरच्या शिक्षणाचा हप्ता त्या हिरड्याच्या पैशातून भरला गेला. तिला कोणी विचारले नाही, तिला कळलेही नाही. तिने कोणत्याही कागदावर अंगठा उठवला नव्हता. सुप्याच्या शेतकऱ्यापुढे निदान सावकाराची वही तरी होती. या म्हातारीला आपण कोणाचे कर्ज फेडत आहोत हेच ठाऊक नाही.

म्हणून आम्हाला असे वाटते की नीतीची रेघ फीच्या आकड्यावर ओढायची नसून, ती उघड आणि लपवलेले यांच्यामध्ये ओढायची आहे. एखाद्या डॉक्टरने भिंतीवर पाटी लावून तीनशे रुपये फी घेतली, तर ती जास्त वाटेल, पण तो अन्याय नाही. रुग्ण पाटी वाचून आत जाईल किंवा पुढच्या दवाखान्यात जाईल. पन्नास रुपये फी घेऊन देवमाणूस म्हणवून घ्यायचे आणि पाठीमागून पाकीट घ्यायचे, हा मात्र अन्याय आहे. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारनियमांत रुग्ण पाठवण्याबद्दल दलाली देणे-घेणे निषिद्ध ठरवले आहे. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने यासाठी वेगळ्या कायद्याचा मसुदा करण्यास समितीही नेमली होती. पण कायदा पाकीट देताना आणि घेताना खोलीत हजर नसतो. तिथे दोनच माणसे असतात आणि दोघांची सद्सद्विवेकबुद्धी असते.

यावर तरुण डॉक्टरांचे एक उत्तर आहे आणि ते झटकून टाकण्यासारखे नाही. ते म्हणतात, "मी प्रामाणिक राहीन. पण माझा हप्ता थकला तर बँकेचे लोक माझ्याकडे नाही, माझ्या वडिलांकडे येतील. बोजा त्यांच्या सातबाऱ्यावर आहे. माझ्या प्रामाणिकपणाची किंमत त्यांनी का मोजायची?" खरोखरच अवघड प्रश्न आहे. स्वतः उपाशी राहून खरे वागणे एक आणि सत्तरीच्या बापाची जमीन पणाला लावून खरे वागणे दुसरे. जो यावर "धर्म म्हणजे धर्म" असे पटकन बोलून मोकळा होतो, त्याने तो सातबारा कधी हातात घेतलेला नसतो.

आम्ही या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. बापाची जमीन वाचवण्यासाठी म्हातारीच्या हिरड्याचे पैसे घेणे आम्हाला तरी न्याय्य वाटत नाही. बापाने निदान समजून-उमजून सही केली आहे, म्हातारीने केलेली नाही. पण याचा अर्थ बापाला वाऱ्यावर सोडावे असाही नाही. प्रामाणिकपणा पाच तारखेला सुरू करून भागत नाही. ज्या दिवशी कर्जाचा अर्ज भरतो, त्याच दिवशी त्याची तयारी करावी लागते. हप्ता इतकाच असावा की तो खरेपणाने फेडता येईल. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण आपण लग्नकार्याच्या वेळी एकमेकांना ऐकवतो, दवाखान्याच्या पायाभरणीच्या वेळी मात्र विसरतो.

प्रत्यक्षात याचा अर्थ काय? मुदत लांब घ्यावी, व्याज थोडे जास्त गेले तरी चालेल, पण मान मोकळी राहील. पहिले कर्ज हलके झाल्याशिवाय दुसरे काढू नये. सुरुवातीला एस.टी. स्टँडजवळ भाड्याचा एक गाळा, एक टेबल, रक्तदाबाचे यंत्र आणि तपासणीची खाट एवढ्यावर दवाखाना उभा राहतो. यंत्र लागलेच तर दोघा-तिघांनी मिळून घ्यावे. काही वर्षे ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करून पगारातून कर्ज निम्मे करावे आणि मग पाटी लावावी. हप्ता जड जाऊ लागला तर थकण्याआधीच बँकेत जाऊन सांगावे, लपवू नये. आणि घरच्यांनाही पहिल्याच दिवशी सांगावे की दोन वर्षांत फिटणार नाही, बारा-पंधरा वर्षे लागतील.

सरकारी नोकरीचा विषय निघाला म्हणून आणखी एका ऋणाबद्दल बोलले पाहिजे. सरकारी महाविद्यालयात शिकणाऱ्याला फी कमी पडते, कारण उरलेला खर्च लोकांच्या करातून होतो. काडेपेटी घेणारी ती म्हातारीही त्यात वाटा भरते. त्या बदल्यात एक वर्ष सरकारी सेवा करावी असे बंधपत्र महाराष्ट्रात लिहून घेतले जाते. अनेक वर्षे दहा लाख रुपये दंड भरून त्यातून सुटण्याची वाट होती आणि पुष्कळांनी ती धरली. काहींनी तर त्या दंडासाठीही कर्ज काढले. कायद्याने ते मोकळे झाले. पण ज्या गावात त्या वर्षी डॉक्टर आला नाही, त्या गावाचे ऋण दहा लाखांनी फिटले काय? ज्याचा हप्ता ठरलेला आहे ते ऋण फेडणे त्या मानाने सोपे असते. ज्याचा हप्ता कोणी मागत नाही, ते आपण विसरून जातो.

तालुक्याच्या गावात राहून, त्या मातीला जे लागते ते काम करून नाव मिळवता येते, हेही आपण पाहिले आहे. आपल्याकडे उसाचे मळे आहेत, भातखाचरे आहेत, आणि त्यांत नाग, मण्यार, घोणस, फुरसे आहेत. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचाराला वाहून घेतले आणि आज जुन्नर-आंबेगावात साप चावला की लोकांना त्यांचे नाव आठवते. रात्री अपरात्री दंश झालेला माणूस घेऊन धावत आलेले लोक इमारतीची फरशी पाहत नाहीत. इथे आपला माणूस वाचेल, एवढा विश्वास त्यांना हवा असतो. तो विश्वास कोणत्याही बँकेत तारण ठेवून मिळत नाही.

आता दुसऱ्या एका वाटेविषयी, जिच्याबद्दल आपण कुजबुजतो पण बोलत नाही. डॉक्टर मुलाचे लग्न ठरते, तेव्हा "मुलीकडचे दवाखाना बांधून देणार आहेत" असे वाक्य कानावर येते. कोणी म्हणतो, कर्ज सासऱ्याने फेडले. याला कौतुकाचा सूर असतो. पण हुंडा घेणे आणि देणे हा १९६१ पासून गुन्हा आहे आणि त्याला दवाखान्याचे नाव दिल्याने तो पुण्य होत नाही. वीस लाखांचे कर्ज एका बापाच्या सातबाऱ्यावरून उतरून दुसऱ्या बापाच्या सातबाऱ्यावर गेले, एवढेच घडले. आणि ती सून जन्मभर त्या घरात फेडलेल्या हप्त्यासारखी वावरते.

एवढे सगळे डॉक्टरांना सांगितल्यावर आपण हात झटकून घरी जाऊ नये. बंधुभगिनींनो, या हिशेबात आपलीही बाजू आहे. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी अनेक डॉक्टरांशी बोलून २०१६ साली एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. वैद्यकीय व्यवसायातील गैरप्रकारांविषयी त्यात खुद्द डॉक्टरच बोलले आहेत. म्हणजे खरेपणाने राहू इच्छिणारे डॉक्टर आपल्यात आहेत. आपण त्यांना कसे वागवतो?

गोळ्या लिहून देणारा डॉक्टर आपल्याला कच्चा वाटतो. "डॉक्टर, एक सलाईन लावाच, म्हणजे तरतरी येईल," असा आग्रह आपणच धरतो. तपासण्या न सांगणारा डॉक्टर जुनाट, आणि काचेच्या दारांचा दवाखाना भारी, असे आपणच म्हणतो. मग त्या काचेचा हप्ता आपल्याच बिलात येतो, तेव्हा तक्रार कशाची? मोठ्या रुग्णालयात मागतील ते पैसे आपण मुकाट्याने मोजतो आणि गावातल्या डॉक्टरची शंभर रुपये फी मात्र "पुढच्या बाजाराला देतो" म्हणून उधार ठेवतो. तो बाजार पुष्कळदा उगवतच नाही. अडलेल्या माणसाची उधारी वेगळी. पण टोमॅटोचा पैसा हातात असताना ठेवलेली उधारी म्हणजे त्या तरुण डॉक्टरच्या प्रामाणिकपणातून केलेली चोरीच आहे. रोज आठ-नऊ रुग्णांवर ज्याचा हप्ता अवलंबून आहे, त्याच्या नऊपैकी चार रुग्णांनी पैसे बुडवले, तर आपणच त्याला त्या पाकिटाकडे ढकलत नाही काय?

शेवटी पवित्र शास्त्रातील एका विधवेची आठवण होते. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात ती भेटते. नवरा देवभीरू होता, पण कर्ज ठेवून मेला. सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला आला होता. अलीशा संदेष्ट्याने तिला पैसे दिले नाहीत आणि कर्ज बुडव असेही सांगितले नाही. घरात काय आहे, एवढे विचारले. घरात फक्त तेलाचे एक भांडे होते. त्याने तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगितले, पुष्कळ आण म्हणून बजावले. तेल ओतत गेली तोवर पुरत गेले. भांडी संपली तेव्हा तेल थांबले. मग ते विकून आधी कर्ज फेड आणि उरलेल्यावर मुलांसह जग, असे त्याने तिला सांगितले.

तिच्या घरात तेल होते, तसे डॉक्टरकडे त्याची विद्या आहे. ती विकून त्याने कर्ज फेडावे, त्यात काहीच वावगे नाही. आधी कर्ज आणि मग उरलेल्यावर संसार, हा क्रमही त्याने पाळावा. पण त्या गोष्टीत तेल किती वाहिले हे शेजाऱ्यांनी किती भांडी दिली यावर ठरले, ही गोष्ट आपल्यासाठी आहे. ठरलेली फी वेळेवर देणे, विनाकारण सलाईन न मागणे, साध्या गाळ्यात बसलेल्या डॉक्टरवर विश्वास ठेवणे, ही आपली भांडी आहेत.

यंदा आपल्या ओळखीचा कोणी तरुण डॉक्टर मंचरला, घोडेगावला, जुन्नरला किंवा ओतूरला नवी पाटी लावील. आपण उद्घाटनाला जाऊ, नारळ फोडू, पेढा खाऊ. त्या दिवशी त्याच्या वडिलांना "आता दोन वर्षांत फिटेल सगळे" असे सांगू नये. "सावकाश फिटू द्या, आम्ही आहोत," असे सांगावे. आणि पुढच्या आठवड्यात ताप आला, तर त्याच्याकडे जाऊन फी देऊन यावे.